अर्ध्या मात्रेची उडी

ती. दाजींस,

वाकून नमस्कार. (या खेपेला मान वर करायची हिंमत नाही, तेव्हा तसाच वाकलेला आहे असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? ताईचा खोकला? इकडे घड्याळांचं दुकान ठीक, बाकी काहीच ठीक नाही.

तुम्ही दिलेल्या जाझच्या तबकडीवर माझा अभ्यास चाललाय, हे तुम्हाला माझ्याच तोंडून नको तितक्यांदा ऐकावं लागलंय. थोर वादकांचे तुकडे एकेक करून ट्रम्पेटवर उतरवायचे, बोटांत मुरवायचे आणि आयत्या वेळी त्यांतून आपलं काही सुचू द्यायचं, अशी पद्धत. गुरू केला नाही. (घड्याळंही मी उघडूनच शिकलो.) त्यातल्या एका तुकड्यात तो थोर माणूस मध्येच सूर तोडून, अर्ध्या मात्रेवर, भलतीकडेच उडी घेतो. ती बसवताना माझा घाम निघाला. बसली, तेव्हा दुकानातली सगळी घड्याळं मला मागे पडल्यासारखी वाटली.

आमच्या बँडमध्ये ड्रमवर गणिताच्या निवृत्त बाई आहेत. मी उडी घेतली की बाई आपल्या जागीच. परवाच्या कार्यक्रमात तर सगळा बँडच घसरला, आणि मंचावरून उतरता उतरता, लोकांदेखत, मी बाईंना म्हणालो की गणित शिकवणाऱ्यांना निदान चारपर्यंत मोजता यावं. बाईंनी काठ्या पिशवीत घातल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर तालमीला आलेल्या नाहीत.

मग माझी दाढ ठणकायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणजे आमचेच पियानोवाले. मी खुर्चीत आडवा, जबडा फाकलेला, तोंडात नळी, आणि दवाखान्यात लावलेली त्याच तबकडीची डॉक्टरांकडची प्रत. माझा तुकडा आला. मी उडीची वाट बघत राहिलो. तो थोर माणूस सरळ, शहाण्यासारखा, चारही मात्रा भरून पुढे निघून गेला. मला हरकत घ्यायची होती, पण तोंडात नळी असलेल्याची हरकत कोण ऐकतो? डॉक्टरांनी विचारलं, दुखतंय का. मी होकारार्थी मान हलवली. (दाढ केव्हाच बधिर झाली होती.)

घरी येऊन भिंग लावलं. तबकडीवर केसाएवढा ओरखडा. उडी सुईची होती, दाजी. मी ती घोटून घोटून पाठ केली होती.

तुमचा,
खाली मान घातलेला मेहुणा

ता. क. : बाई तुमच्याच शाळेतल्या, तुमचा शब्द मानतात. तबकडी दिली तेव्हाच ओरखडा होता, असं त्यांना कळवाल का? (ओरखडा माझ्या घड्याळं उघडायच्या चिमट्याचा आहे. रुंदी जुळवून पाहिली.)

आणखी ता. क. : वरचं खोडलं असं समजा. पत्र टाकायला निघालो आणि पाय बाईंच्या दाराशी गेले. सगळं सांगितलं, चिमट्यासकट. बाई म्हणाल्या, "ओरखडा आहे हे मला तुम्ही तालमीत तबकडी लावलीत त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीनदा सांगितलं. तुम्ही वाजवत होतात."

त्या परत येणार आहेत. अट एकच : महिनाभर मी तालमीत नुसतं ऐकायचं. ट्रम्पेट घरात असलं तर ते माझ्याच्याने व्हायचं नाही. म्हणून हे पत्र टाकतोच आहे. रविवारी ट्रम्पेट आणून दिलं तर ठेवून घ्याल का? फक्त ताईच्या हाती लागू देऊ नका. तिला नुसतं ऐकून वाजवता येतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.