डाव्या पायाचा आवाज

९ सप्टेंबर

पोचले! टॅक्सीची पुढची सीट मागे पाडून, उशांवर रेलून, एखाद्या सुलतानिणीसारखी आले. फरक एवढाच की सुलतानिणीला मध्येमध्ये उतरून, वॉकर धरून, रस्त्याकडेला बगळ्यासारखं उभं राहावं लागत नसणार. डाव्या खुब्यात आता धातू आहे. जन्मापासून जागेवर नसलेला सांधा सत्तावन्नाव्या वर्षी एकदाचा जागेवर आला. सर्जन म्हणाले, हा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याबद्दलही लोक असंच म्हणायचे. ते हसले नाहीत. दिवसभर भूल दिलेल्या माणसांत राहून विनोदाची सवय जात असेल.

बिश्केकमधलं माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून बुरुलनं, माझ्या धाकट्या नणंदेनं, इथं सरोवराकाठी स्वतःच्या घरी आणलं. नवं, बैठं घर. अंगणात सफरचंदं, आणि मुख्य म्हणजे संडास घरात. त्यावर माझ्यासाठी तिनं उंच बैठकही बसवून घेतली आहे. गावात या वस्तूची कीर्ती माझ्याआधी पोचली होती. शेजारची असिपा आपा आधी ती बघून आली, मग मला.

बुरुलनं वाटभर मांडीवर एक छोटी डेगची घट्ट धरली होती, पांढऱ्या फडक्यात बांधलेली. लोणी का, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुमचंच आहे, जेंगे, घरी गेल्यावर बघू. थोरल्या भावाची बायको म्हणून ती मला अजूनही जेंगे म्हणते. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली, आणि त्याच्याआधी दहा वर्षं मीच त्याच्यापासून जाऊन झाली होती, तरी. मनानं मोठी बाई. डोकं तेवढं देवानं दुसऱ्या कुणाला दिलं.

एकच इच्छा आहे. वॉकर सुटला, काठी आली, की माझ्या घरी. माझी खिडकी, माझी किटली, आणि हाक मारायला कुणी नाही.

११ सप्टेंबर

नियम: पायावर पाय टाकायचा नाही. खाली वाकायचं नाही. पाऊल आत वळवायचं नाही. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. एवढं पथ्य मी लग्नात पाळलं असतं तर आदर्श पत्नी ठरले असते.

काल सकाळी बुरुल ती डेगची घेऊन बाहेर गेली, रिकाम्या हातानं परत आली, बुटांना ओली माती. लोण्याचं काय झालं ते कळलं नाही.

आज तिनं मेंढरू कापलं आणि बायका बोलावल्या. माझ्यासाठीच, म्हणाली. सगळ्या खाली रजयांवर बसल्या, मी एकटी वर खुर्चीत, जप्तीला आलेल्या अंमलदारासारखी. ताटं वाढली तर माझ्या पुढ्यात मेंढराच्या खुब्याचं हाड. तो मान म्हाताऱ्या पुरुषांचा. असिपा आपा पुटपुटली की हल्ली कुणाला काय वाढावं याचं भान राहिलं नाही. तर बुरुल शांतपणे म्हणाली, जेंगेचा खुबा गेला, तिला भरपाई नको का? सगळ्या हसल्या. मी जास्तच हसले.

निघताना मात्र बायकांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि एकेक जण म्हणाली, जिथं आहे तिथं सुखानं असो. तोकोनसाठी, माझ्या गेलेल्या नवऱ्यासाठी. ऑपरेशन माझं झालं आणि दुवा त्याला. जिवंतपणीही हेच होतं.

१९ सप्टेंबर

त्याचं नाव लिहिलं खरं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. मी घ्यायचे, तेही मोठ्यानं. बस-अड्ड्यावर लाउडस्पीकरवर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेलं, मला हळू बोलता येत नाही.

तोकोन वाईट नव्हता. मारलं नाही, प्यायला नाही. फक्त हाक मारायचा. झूरा, चहा. झूरा, पाणी. झूरा, माझे मोजे कुठायत? मोजे त्याच्या पुढ्यात असायचे. मी लंगडत यायचे, ते उचलून त्याच्या हातात द्यायचे. सगळ्यात चीड याची की हाक पुरी व्हायच्या आत माझ्या तोंडून निघायचं: आले. ठरवून गप्प बसले तरी निघायचं. एक दिवस बॅग भरून बाहेर पडले आणि चौथ्या मजल्यावर जाऊन राहिले. तिथं पहिल्या हिवाळ्यात शेजारणीनं भिंतीपलीकडून स्वतःच्या मुलीला हाक मारली, तर मी म्हटलं, आले.

त्याच्या मातीला मी इथं आले होते. अंगणात उभारलेल्या युर्तमध्ये, नमद्याच्या तंबूत, बायकांबरोबर बसले, पण गळा काढून रडले नाही. ते अजून कुणी विसरलेलं नाही. मेल्यावर तो बुरुलच्या स्वप्नात यायचा म्हणे, सारखं एकच सांगायचा: डावी कूस गार पडते. मी तिला म्हटलं होतं, कबरीत एक रजई टाकून ये. ती रागावली नव्हती. विचारात पडली होती.

२३ सप्टेंबर

टाके निघून चार दिवस झाले. आज वॉकर सोडून काठीवर ओसरीभर चालले, आणि लंगडले नाही! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी सरळ चालले. अड्ड्यावर माझ्या पायाचा आवाज प्रसिद्ध होता. उजवा ठक्, डावा सर्र. तो ऐकला की ड्रायव्हर सिगारेटी विझवायचे. आता काहीच आवाज नाही. मांजरीसारखी चालते.

बुरुल दारातून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, जेंगे, तुम्ही तुम्ही वाटतच नाही. दुसरीच कुणी बाई घरात फिरते आहे असं वाटतं.

दुपारी ती बागेत सफरचंदं काढत होती, मी पलंगावर पाऊल वरखाली करण्याचा व्यायाम करत होते. ओसरीवर पाय वाजले.

ठक्. सर्र. ठक्. सर्र.

माझ्या दारापर्यंत आले आणि परत गेले. वाटलं, असिपा आपाचाही खुबा गेला. तिला उंच बैठकीचा फारच मोह पडला होता.

२५ सप्टेंबर

असिपा आपाचे दोन्ही पाय धडधाकट आहेत. चौकशी केली.

आज गुरुवार. बुरुलनं तेलात बोरसोक, कणकेचे गोळे, तळले. ती दर गुरुवारी तळते. घरातले मेलेले तेलाच्या वासावर येतात आणि वासानंच जेवून जातात. आपण गोळे खायचे, त्यांनी वास घ्यायचा. आजवर ती चहाचा एक वाडगा जास्तीचा भरायची, तोकोनचा. आज दोन भरले. दुसरा कुणाचा, विचारलं तर म्हणाली, राहू द्या, जेंगे, निवेल.

खुबा दुखत नाही. गार पडतो. धातू गार पडतो असंही नाही, कारण हात लावला तर कातडी ऊब देते. गारठा दुसरीकडेच आहे. जे काढलं ते जिथं असेल तिथं. सर्जनना फोन केला. म्हणाले, नसा आहेत, शिकतील. विचारलं, काढलेलं हाड तुम्ही टाकता कुठं? म्हणाले, बाई, तुम्ही चालण्याकडे लक्ष द्या.

२८ सप्टेंबर

माझ्या घरात घालायच्या सपाता. नव्या, इथं येताना घेतलेल्या. आज बघितल्या तर डावीची बाहेरची कड पार घासून गेली आहे. जन्मभर माझी प्रत्येक चप्पल तिथंच झिजली. पण आता मी तशी चालत नाही. आणि टाचेला ओली पिवळी माती. मी अंगणाची पायरीसुद्धा अजून उतरलेले नाही.

बुरुलनं सपात पुसून जागेवर ठेवली. कशी घासली, हे विचारलं नाही. तिनं विचारायला हवं होतं.

१ ऑक्टोबर

असिपा आपा दही घेऊन आली. बुरुल दुकानात गेली होती. बोलता बोलता म्हणाली, माती छान झाली हो तुमची. मुल्लानं अगदी पुरतं म्हटलं, काही गाळलं नाही, तुमचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं. मीही मूठभर टाकली.

कुणाची माती, मी विचारलं.

ती गोंधळली. म्हणाली, तुमच्या हाडाची, दुसऱ्या कुणाची? बुरुलनं ते दवाखान्यातून मागून आणलं ना. चांगलं केलं. माणसाचं हाड उकिरड्यावर जाऊ नये. नखंसुद्धा आपण पुरतो. फक्त तिनं कोपऱ्यात कुठंतरी पुरायचं, तर तोकोनशेजारी तुमच्यासाठी राखलेली जागा उघडली. मी म्हटलं होतं तिला, अगं, नावानं उघडलेली कबर अर्धी भरून ठेवू नये. पण माझं कोण ऐकतं?

मग दही ओतून ठेवा, भांडं घेऊन जायचंय, म्हणाली.

डेगची. टॅक्सीत वाटभर माझ्या शेजारी होती. आणि ते मेंढरू, त्या बायका, तो खुबा. माझ्याच मातीचं जेवण मी मिटक्या मारत जेवले.

२ ऑक्टोबर

बुरुलला धारेवर धरलं. घसा बसेपर्यंत ओरडले. ती सफरचंदं कापत राहिली. म्हणाली, जेंगे, तुम्ही त्याच्याजवळ जिवंतपणी राहिला नाहीत, मी काही बोलले का? शहरात राहा, मजेत राहा. पण एवढंसं हाड, तेही तुम्ही टाकूनच देणार होतात. ते त्याच्या डाव्या कुशीला ठेवलं. त्या दिवसापासून तो स्वप्नात येत नाही. बघा, निजला बिचारा.

वर डोळे पुसले. माझ्यावर उपकार केल्यासारखी बघत होती. राग तरी कुठं ठेवावा अशा बाईवर!

उकरून काढ म्हटलं. ती मुल्लाकडे जाऊन आली. तो म्हणाला, नाव घेऊन दिलेलं परत काढत नाहीत.

ओसरीवर दुपारभर ठक् सर्र. बुरुल त्या आवाजाकडे मान न वळवता म्हणाली, आता कसं, घरात जेंगे आहे असं वाटतं.

३ ऑक्टोबर

साग्यनला फोन केला. माझ्या हातावर मोठा झालेला ड्रायव्हर, मला एजे म्हणतो, थोरली बहीण; आता याच रस्त्यावर मिनीबस चालवतो. परवा दुपारी दारात गाडी आणतो म्हणाला. ऑपरेशन झालंय, जपून न्यायचं, असं बजावलं. तो म्हणाला, झूरा एजे, तुमचं काहीही होऊ दे, मला बघायचीही गरज नाही. पायाचा आवाज आला की मी दार उघडतो. वीस वर्षांची भीती आहे ती, अशी जाईल होय?

हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं तसं गेलं.

४ ऑक्टोबर

बॅग भरली. बुरुलनं अडवलं नाही. वाटेसाठी सफरचंदं बांधली.

गारठा आता गुडघ्यापर्यंत. उद्या. चार मजले एकेक पायरी चढेन. चढेनच —

आवाज आज खोलीत आला. दाराच्या आत. मी मान फिरवली नाही. खुंटीवरचा माझा कोट कुणीतरी चाचपत होतं, बटणं वाजली —

५ ऑक्टोबर

कोट नाही. डोक्याचा रुमाल नाही. काठी आहे. तिला काठी नकोच —

हॉर्न. उठले. दार लागत होतं की उघडत होतं कळेना, हात पोचला नाही —

खिडकीतून दिसलं. माझा कोट अंगणातून चालला होता. माझी पाठ. ठक्, सर्र. बॅग हातात. साग्यन उडी मारून उतरला, सिगारेट विझवली, दार उघडलं, हात दिला. ऐकू आलं: ऑपरेशन फुकट गेलं की एजे, चाल तीच!

काचेवर मुठी आपटल्या. काच वाजली नाही.

बुरुल फाटकापर्यंत गेली. सांभाळून जा, जेंगे, पोचल्यावर कळवा. हात हलवत राहिली. गाडी गेली.

माझ्या घरी. माझ्या चौथ्या मजल्यावर. माझी किटली —

*

बुरुल आत आली. माझ्या अंगाखालची चादर ओढली. मी तिला हाक मारली, लाउडस्पीकरवर पुकारायचे तशी. तिनं उशा झटकल्या. खिडकी उघडली. संडासावरची उंच बैठक काढून घेऊन गेली. असिपा आपा फाटकाशी उभी, ती मागून घ्यायला. गेली एकदाची, बुरुल सांगत होती, घर सुनं वाटतं.

*

ती तळते आहे. आज गुरुवार नाही. दोन वाडगे भरले. म्हणाली, घ्या, दोघं मिळून —

वास आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

वासानंच भरलं.

*

गार. कमरेपर्यंत. ओली पिवळी —

ओसरीवर कुणीतरी. ठक् सर्र नाही. दोन्ही पाय सारखे, सावकाश, कुणी तरी आपलं काम करेल म्हणून थांबत थांबत —

लिहीत राहते. लिहीत असले की तोंड बंद राहतं. दात आवळून धरलेत —

झूरा.

बोलणार नाही.

झूरा, माझे मोजे कुठा—

नाही. या वेळी नाही. मेले तरी ना— आ