जुन्या जिनिंगची भिंत

अकोला, १२ मार्च २००६

तीर्थरूप बाबाले रागिणीचा नमस्कार.

मी बरी आहो. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमी ज्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे, तिच्या बाजूच्या नव्या इमारतीचा नकाशा माझाच. पाया खोदताना जिनिंगची भिंत कोसळली अन् बाळापूरचा गुलफाम मिस्त्री दबून मेला. भिंतीले आधी टेकू द्या, असं मी आमच्या ऑफिसच्या मालकाले लिहून दिलं होतं, नक्कल माझ्याजवळ होती. भिंत पडल्यावर मालक म्हणाले, "तो कागद फाडून टाक, नोकरी राहील."

काल मी कागद पोलिसांले दिला. नोकरी गेली.

गुलफामची बायको परवीन म्हणाली, "लिहून दिलं, बाई. पण काम थांबवलं काहून नाही?"



शनिवारी येतो. आईले फक्त नोकरीचं सांगजा.

तुमची लेक
रागिणी