सात नंबरची मुलगी

रविवार, ऑक्टोबर २००७. पंचवटी

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा आज निकाल लागला. माझी सात नंबरची मुलगी, दिंडोरीची, हरली. काय गोड गायली होती! मला रडूच आलं. दर रविवारी न चुकता मोबाइलवरून तिला मत दिलं, मग कमी पडली कशी?

तणतणतच शेजारच्या मेघाकडे गेले. तिने माझा मोबाइल बघितला आणि हसतच सुटली. "अहो काकू, तुमची सगळी मतं अजयदादाला गेलीत!"

मेसेज उघडायचा, सात लिहायचं, पाठवायचं, असं तिनेच तर सांगितलं होतं. माझ्या मोबाइलमध्ये मेसेज एकच. जूनमध्ये अजय नोकरीसाठी बंगलोरला गेला तेव्हाचा, 'आई, पोहोचलो.' मी आपली दर वेळी तोच उघडून सात लिहीत होते. वेडी कुठली!

मेघाबरोबर मीही हसले. घरी येऊन दिवा लावला, तेव्हा कुठे डोक्यात आलं.

तीन महिने पोराला दर रविवारी आईकडून नुसता एक सात येतोय. मध्ये दोनदा फोनही झाला. जेवलीस का, बरी आहेस ना.

एकदाही विचारलं नाही त्याने, आई, हे सात काय गं?