त्यांनी तुझ्या फोटोचा रंग बदलला

प्रिय सुकेशनी,

तू गेल्याला दीड महिना झाला. इतके दिवस तुला लिहायची हिंमत नव्हती. पण मागच्या आठवड्यात आपल्या लेखिकांच्या ग्रुपवर तुला श्रद्धांजली वाहिली आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज समोर पडलेले असतात आणि मी त्या पोस्टचा मोबाइलवर काढून ठेवलेला स्क्रीनशॉट पुन्हा पुन्हा बघते.

त्यांनी तुला गोरं केलंय.

फोटो तोच, जांभळ्या साडीतला, बिनबाह्यांच्या ब्लाउजचा. फक्त चेहरा उजळलेला, हनुवटी निमुळती, दंड बारीक. वर 'आमची हसरी सखी' आणि खाली ओळीनं जोडलेले हात. त्या एवढ्या बायकांमध्ये एकीलाही दिसलं नाही का, की ही तू नाहीस?

आपण भेटलो कशा, आठवतं? ग्रुपमध्ये पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्याही बायका होत्या. वर्ध्याच्या आपण दोघीच. मी रोहण्याच्या शेतकऱ्याघरची, पाककृतींचा ब्लॉग लिहिणारी. तू नालवाडीची, हिंगणीच्या दवाखान्यात नर्स. तूच मेसेज केलास, "वर्ध्याचीच हायेस ना? मंग भेट. तर्री-पोहे खाऊ." पहिल्याच भेटीत मी तुझं कौतुक करायला गेले, म्हणाले, सावळी असलीस तरी किती नीटस आहेस. तू हसलीस. "सावळी नाई वर्षा, काळी. त्या शब्दाले काऊन घाबरून राह्यली?"

मी खरंच घाबरत होते. अजूनही घाबरते बहुतेक.

तुझं लिहिणं मात्र कुणाला घाबरत नव्हतं. सुई टोचायच्या आधी पेशंट माझा हात बघतो, मग स्वतःचा हात पुढे करतो, असं तू लिहिलंस. टेलर माप घ्यायच्या आधीच विचारतो, 'ताई, बाही लांब ठेवू ना?' हेही लिहिलंस. आणि त्याच टेलरकडून बिनबाह्यांचं ब्लाउज शिवून घेऊन त्यातला फोटो टाकलास. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाडी आणि रंग यावर कितीही लिही, सगळ्या तुझ्या बाजूनं होत्या. तोवर सगळं ठीक होतं.

मग तू तो लेख लिहिलास. लोक आधी माझा रंग बघतात, मग आडनाव विचारतात, आणि आडनाव ऐकलं की 'वाटलंच' असा चेहरा करतात. माझ्याइतकीच काळी माझी एक मैत्रीण आहे. तिचं आडनाव वेगळं, म्हणून तिचा रंग 'कृष्णवर्ण' होतो. आम्ही बौद्ध, म्हणून माझा रंग पुरावा होतो.

एवढंच. एकही शब्द चढा नव्हता त्यात.

खाली काय काय आलं! 'इथे जात आणू नका.' 'आम्ही असलं काही मानत नाही.' 'एवढं अंग आहे, म्हणजे खायला-प्यायला भरपूर मिळतंय की.' बाईच्या नावानं घुसलेल्या एका पुरुषानं जे लिहिलं ते मी इथंही लिहू शकत नाही. तू दवाखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत, एकेकीला शांतपणे उत्तर देत होतीस. आणि ग्रुप चालवणाऱ्या शुभांगीताईंचा मला फोन आला, "वर्षा, वातावरण बिघडतंय. बघ जरा." कमेंट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी त्या बंद केल्या. घाणेरड्या कमेंट तिथंच राहिल्या आणि तुझी पुढची उत्तरं अडली.

संध्याकाळी तुझा फोन आला. "तू काऊन बंद केलं, वर्षा?"

"तुझ्यासाठीच केलं गं. लोक किती घाण बोलून राह्यले होते."

तू म्हणालीस, "घाण त्यायनं केली अन् तोंड माह्यं दाबलं."

त्यानंतरही आपण भेटलो, पोहे खाल्ले, सिनेमाला गेलो. पण आपल्या लिहिण्याबद्दल तू माझ्याशी कधी बोलली नाहीस. ग्रुप सोडून स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत राहिलीस. मी चोरून वाचायचे. तू मला शिव्या का दिल्या नाहीस? दिल्या असत्यास तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित माफीही मागितली असती. तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मीही विषय काढला नाही. वाटलं, वेळ आहे.

मग त्या सकाळी ड्युटीवर जाताना हिंगणीच्या रस्त्यावर तुझ्या गाडीला रानडुक्कर आडवं आलं.

परवा शेवटी न राहवून मी त्या फोटोसाठी शुभांगीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, फोटो अंधारा होता, थोडा उजेड दिला. छानच दिसतेय की."

"ती अशी दिसत नव्हती, ताई."

"गेलेल्या माणसाचा चांगला फोटो लावावा, वर्षा."

मी फोन ठेवला आणि त्या पोस्टखाली लिहिलं, की हा फोटो खोटा आहे, आणि हिच्या लेखावरच्या कमेंट मी, वर्षानं, बंद केल्या होत्या. अर्ध्या तासात माझं लिहिलेलं गायब. संध्याकाळी मी ग्रुपच्या बाहेर. मला मोकळं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. उलट घरभर येरझाऱ्या घालत राहिले.

म्हणून काल, रविवारी, नालवाडीला तुझ्या आईकडे गेले. काकू भाजी निवडत होत्या. मी बसल्यावर म्हणाल्या, "मोबाइलवर काय लिवे वं ते? मले कधी वाचून नाई दाखवलं तिनं."

ग्रुपवरचे तुझे सगळे लेख, खालच्या कमेंटसकट, मी आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवले होते; त्यातला पहिला काढला. लहानपणी आई तुला अंघोळीच्या वेळी बेसन-हळद लावून घासायची, तो. दोन ओळी वाचल्या आणि पुढं काय आहे ते आठवून थांबले.

"थांबली काऊन? वाच."

मी वाचलं. काकूंचे हात भाजीवरच थांबले. "लई घासत होती मी तिले. आंग लाल व्हये पोरीचं. मले वाटे, लोकायनं नावं नाई ठेवली पायजे." मग हळूच विचारलं, "रागानं लिवलं काय तिनं?"

मी तुझं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. 'आई मला घासायची तेव्हा तिचे हात माझ्याहून काळे दिसायचे. तिला कुणी घासलं असेल?'

"माह्या मायनं," काकू म्हणाल्या. "राखेनं."

सुकेशनी, हे तुला कधी कळलं होतं का?

निघताना त्या म्हणाल्या, "दर रविवारी येजो. सगळं वाच. खाली लोकायनं काय लिवलं तेही."

"ते चांगलं नाही, काकू."

"पोरीनं वाचलं ना? मंग मी ऐकीन."

आणखी तीन लेख वाचून झाले की तो लेख येईल. ग्रुपवर कबुली देणं त्या मानानं सोपं होतं. तिथं कुणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं. तुझी आई बघेल. त्या विचारतील, मग पोरीनं पुढं काय उत्तर दिलं? आणि उत्तर का नाही, ते मला सांगावं लागेल.

तो लेख मी गाळणार नाही. कमेंट बंद करणारीचं नाव काकूंना विचारावं लागणार नाही, मीच सांगेन. त्यानंतर त्या चहा देतील की उठायला सांगतील, मला माहीत नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारीही मी नालवाडीला जाईन. घरात घेतलं नाही तर बाहेर ओट्यावर बसेन आणि त्यांना आतपर्यंत ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं वाचेन.

तुझीच,
वर्षा