माझा दंड, ह्यांचा आकडा

सोमवार, ४ मार्च

एकशे ब्याऐंशी! हा वरचा. खालचा एकशे दहा. नवऱ्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, मशीन गुरगुरलं आणि हा आकडा! माझं तर धाबंच दणाणलं. हे खुर्चीत ताठ बसलेले, डोळे गच्च मिटून — दाढ उपटायला बसावं तसे.

बस कंपनीने सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी केली. रक्त, लघवी, छाती — ह्यांचं सगळं साफ. फक्त रक्तदाब वर. आता कंपनीने एका फोनवरच्या दवाखान्याशी ठरवलंय. मशीन घरी द्यायचं, रोज सकाळी दाब मोजायचा, आकडा फोनमधून आपोआप डॉक्टरांकडे जायचा. गोळ्याही फोनवरच कळवणार; पहिली आजच सुरू. आणि मालक म्हणाले म्हणे, "महिनाभरात आकडा खाली आला नाही तर बस विसरायची. धुलाईच्या शेडमध्ये पाइप धरायचा."

कारखान्याच्या पाळीची बस चालवण्यात ह्यांचं अर्धं आयुष्य गेलं. गाडीवर कधी ओरखडा नाही. हा माणूस पाइप धरणार? जेवण गेलं नाही मला.

मंगळवार, ५ मार्च

आज पुन्हा एकशे ऐंशी. पट्टा फुगायला लागला की ह्यांचा श्वासच अडकतो. "हात सैल सोडा की!" म्हटलं. "सोडलाय," म्हणतात. सोडलाय कसला — लाकूड झालेलं! घाट उतरताना एका हाताने स्टिअरिंग फिरवणारा माणूस, आणि वीतभर पट्ट्याला घाबरतो!

मग माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं. म्हटलं, आणा तो पट्टा इकडे. मशीनला काय कळतंय दंड कुणाचा ते? मला कधी साधा ताप येत नाही. लेक झाली त्यानंतर दवाखान्याची पायरी चढलेली नाही मी. बांधला पट्टा. एकशे छप्पन्न! दोघंही एकदम हसलो. केवढा उतरला! फोन टिंग करून वाजला आणि माझा आकडा गेला ह्यांच्या नावावर.

"अगं, पण हे खोटं झालं ना?"

"चारच दिवस हो. तुमची भीती मोडली की तुमचा दंड."

बुधवार, ६ मार्च

एकशे अठ्ठावन्न. स्वारी शीळ घालत कामावर गेली!

सोमवार, ११ मार्च

आज डॉक्टर फोनवर दिसल्या. तरुण आहेत, चष्मा, मागे पांढरी भिंत. मी बाजूला उभी होते. म्हणाल्या, "आधीपेक्षा कमी आहे, पण हाही जास्तच आहे बरं का. दुसरी गोळी सुरू करू."

मी चाट! एकशे अठ्ठावन्न जास्त? मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. हे माझ्याकडे बघतायत, मी ह्यांच्याकडे. फोन बंद झाल्यावर म्हटलं, लाँड्रीत दिवसभर वाफेत उभी असते मी, वर दोन जिने चढून येते, त्याने चढत असेल. मला काय धाड भरलीय! आणि ह्यांना बजावलं, "आकडा माझा आहे. ती दुसरी गोळी तुम्ही घेऊ नका."

"बरं," म्हणाले.

शुक्रवार, १५ मार्च

खालच्या मजल्यावरच्या नणंदबाई आल्या होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणतात, "वहिनी, चपला बदल नाहीतर पाय बदल. एकमेकांत मावेनात!" म्हटलं, दिवसभर उभं राहून इस्त्री करा म्हणजे कळेल.

आजचा आकडा एकशे अडुसष्ट. मशीनच बिघडलं असणार.

सोमवार, १८ मार्च

पुन्हा डॉक्टर. आज हसल्या नाहीत. "दोन गोळ्या घेऊनही आकडा वर चाललाय. मीठ किती खातात? घोरतात का? झोप लागते का?" मी सगळी उत्तरं अगदी खरी खरी दिली — ह्यांची! मीठ बेताचं, घोरणं भरपूर, झोप कुंभकर्णाची. त्या चष्मा काढून विचारात पडल्या. "रक्त साफ, किडनी साफ, मग हे होतंय कशाने? तिसरी गोळी देते. आणि एकदा प्रत्यक्ष येऊन जा."

प्रत्यक्ष! तिथे ह्यांच्या दंडाला पट्टा लागणार, आकडा आभाळाला भिडणार, आणि बस गेली! म्हटलं, "रजा मिळत नाही हो डॉक्टर." हे खाली मान घालून बसलेले.

बुधवार, २० मार्च

आज स्वयंपाकघरात जाते तर हे तळहातावर तीन गोळ्या घेऊन उभे! तीन! मी घेऊ नका म्हणाले होते ना?

तर काय सांगतात? फोन रोज विचारतो, गोळी घेतली का. खाली बटण असतं, "घेतली". "न घेता ‘घेतली’ कसं दाबू? खोटं बटण मी दाबणार नाही."

मी थक्क. "अहो, आणि रोज सकाळी माझा दंड लावता ते?"

"ते तू करतेस. बटण मी दाबतो."

आता काय कपाळ बडवून घेऊ? वर म्हणाले, "माझाही एकशे ऐंशी होताच की. गोळ्या लागतच असतील." त्यात मला काही चूक वाटेना.

शनिवार, २३ मार्च

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाले. उन्हामुळे असेल. पाणी जास्त प्या म्हटलं.

माझा सकाळचा एकशे ऐंशी. आता ह्यांची बरोबरी केली मी!

मंगळवार, २६ मार्च

अक्षर वाकडंतिकडं येतंय, येऊ दे.

मी चादरींना इस्त्री करत होते. डेपोतल्या वॉचमनचा फोन. "वहिनी, लगेच दवाखान्यात या. ड्रायव्हरसाहेब पडले." इस्त्री कुठे ठेवली, दुकान कुणाला सांगून निघाले, आठवत नाही. सकाळची पाळी कारखान्यात उतरवून हे रिकामी बस डेपोत घेऊन आले, सीटवरून उठले आणि बसच्या पायऱ्यांवरून तोंडावर खाली. कपाळाला टाके. शर्ट रक्ताने भरलेला.

रिकामी होती. पण त्याआधी? भरलेली बस, कारखान्याच्या वाटेवरच्या पुलावरून, ह्यांच्या हातात! त्या माणसांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. रोज लाँड्रीत कपडे टाकतात त्यातली निम्मी.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी ह्यांचा दाब बघितला. वरचा आकडा नव्वदसुद्धा नाही! "एवढ्या गोळ्या कुणी दिल्या यांना?" मी फोन पुढे केला. त्यांनी बघितलं, परत बघितलं. "आज सकाळी एकशे अठ्ठ्याऐंशी? आणि आता नव्वदसुद्धा नाही? कसं शक्य आहे?"

हे खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होते. बोलू नकोस, असं डोळ्यांनी सांगत होते. बस जाईल ना! आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सकाळचा माझा आहे. रोजचाच माझा."

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. तयारच होते मी. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची ओढली. "बसा बाई. आधी बसा. किती दिवस चाललंय हे?"

मी मागे वळून बघितलं. म्हटलं, डॉक्टर कुणाला विचारतायत?

बुधवार, २७ मार्च

माझं रक्त काढलं. बाटल्याच बाटल्या. सोनोग्राफी पण. ह्यांच्या सगळ्या गोळ्या बंद.

नणंदबाईंना सगळं सांगितलं. आधी तोंडावर हात ठेवला, मग म्हणाल्या, "दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! आणि माझा भाऊ ती पखाल!" हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. मला समजेना, कुणासाठी रडतायत.

शुक्रवार, २९ मार्च

रिपोर्ट आला. फोनवरच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. आधी भरपूर ऐकवलं. "मी दुसऱ्याच माणसाला औषध देत होते! बस चालवताना काही झालं असतं तर? तुम्हाला कळतंय का काय केलंत?" मी ऐकून घेतलं. खोटं काय होतं त्यात?

मग आवाज उतरला. म्हणाल्या, माझ्या दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत. काम पावसुद्धा उरलेलं नाही. पायांची सूज, दम, हा दाब, सगळं त्याचंच. गोळ्यांवर थोडे दिवस निघतील. पुढे डायलिसिस, नाहीतर कुणाची तरी किडनी.

मला? मला!

"एक मात्र आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही हा खोटेपणा केला नसता तर तुमचा दाब कुणी मोजलाच नसता." हे ऐकून हसायचं की रडायचं? हे शेजारीच बसून ऐकत होते. उठले, मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच राहिले.

मंगळवार, २ एप्रिल

हे स्वतःहून मालकांकडे गेले आणि सगळं सांगून आले. सगळं! मी म्हटलं होतं, नुसतं चक्कर आली म्हणा. "त्या बसमध्ये माणसं बसतात," एवढंच म्हणाले. बस गेली. उद्यापासून धुलाईची शेड. नोकरी ठेवली हेच नशीब. ज्या पाइपासाठी एवढा खटाटोप केला तोच हातात आला.

आता फोनमध्ये माझं नाव आहे. रोज सकाळी हे माझ्या दंडाला पट्टा बांधतात, घट्ट-सैल दोनदा बघतात. गोळ्या समोर बसून घ्यायला लावतात आणि बटण तेच दाबतात. चांगलाच पोलीस मिळालाय मला!

शनिवार, ६ एप्रिल

लेक आली होती. आल्या आल्या म्हणते, "आई, माझी घे." मी कानावर हात ठेवले. तिचं लग्न ठरतंय, पुढे मुलंबाळं व्हायची. असलं पुन्हा बोललीस तर दारात उभी करणार नाही म्हटलं. भांडलो कडकडून. जाताना गळ्यात पडली.

मला भीती वाटते. इथे लिहिते, कुणाला सांगत नाही. फार भीती वाटते.

बुधवार, १० एप्रिल

आज एक आश्चर्यच. हे दंडाला पट्टा बांधून घरी आले! कमरेला छोटं मशीन. दिवसभर, रात्रभर दर थोड्या वेळाने आपोआप फुगतं म्हणे, म्हणजे माणसाचा खरा दाब कळतो. भीतीचा वेगळा, खरा वेगळा.

"हे कशाला?" म्हटलं.

"लायसनसाठी. मालक म्हणाले, बघू."

पट्टा फुगला की अजून डोळे मिटतात. पण काढत नाहीत. जेवताना फुगला, घास हातातच राहिला, ओठ घट्ट. सुटला तसे पुन्हा जेवायला लागले. मला बरं वाटलं. बस परत मिळाली तर ह्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग येईल. माझ्यामागे ह्यांना काहीतरी हवंच ना.

सोमवार, १५ एप्रिल

फोनवरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. "अभिनंदन! मिस्टरांचा दाब चोवीस तास अगदी नॉर्मल. त्यांना मुळात ब्लडप्रेशर नाहीच, नुसती भीती." मी म्हटलं, देव पावला, म्हणजे बस मिळणार! ती गोंधळली. "बसचं मला काही माहीत नाही हो. दाब असता तर त्यांची किडनी घेता आली नसती. रक्तगटही जुळलाय. दोघं गुरुवारी या — पुढच्या तपासण्यांना."

ती हॅलो हॅलो करत राहिली. मी तशीच लाँड्रीतून निघाले, डेपोत गेले. हे गमबूट घालून बस धूत होते. पाणी चालूच. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आरडाओरडा करू नकोस. किडनी द्यायच्या फॉर्मवर सही केली आहे मी, आणि ती खरी आहे."