सही राहू द्या

लालबाग, मुंबई
२ फेब्रुवारी १९५८

ती. जयवंत भावोजींस,

सुभद्रेचा नमस्कार. जाऊबाईंच्या गुडघ्यांना आराम पडला असेल. कुळीथ पोचले, खानावळीतल्या मंडळींनी पिठी आवडीने खाल्ली. तुमचा जगदीश खुशाल आहे. परवा संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत ‘झालाच पाहिजे’ ओरडून घसा बसवून आला.

आपली शैला शिकवते त्या कॉलेजात मुलांनी तिच्याविरुद्ध अर्ज दिला, हे जगदीशने तुम्हाला कळवलं. आवाज चिरका आहे, बाई हसत नाहीत, उशिरा आलेल्याला वर्गात घेत नाहीत. गणित कसं शिकवते त्याबद्दल अक्षर नाही. प्रिन्सिपॉल म्हणतात, माफी लिहून द्या, नाहीतर जूनपासून येऊ नका. तुम्हीही लिहिलंत, माफी लिहून द्यावी.

जगदीशने सगळं कळवलेलं नाही. ह्यांचा जेवायचा पाट हे गेल्यापासून मी कोणाला देत नव्हते, तो त्याला दिला, म्हणून लिहायला जड जातंय. त्या अर्जावर त्याचीही सही आहे.

जेवताना मी विचारलं, “तुमचे दुसरे सर उशिरा आलेल्याला घेतात?”

“छे. फार शिस्तीचे आहेत.”

“हसतात?”

“नाही.”

“मग त्यांच्यावर अर्ज?”

“ते सर आहेत ना, काकी,” म्हणाला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून बांगड्याचे काटे काढत बसला.

पलीकडून आमचा जेवणकरी गुणाजी म्हणाला, “आजचा बांगडा पण हसत नाय. अर्ज लिहितोस काय रे?” पंगत हसली. पोर उठायला लागलं. मी म्हटलं, “बस. भात घे.”

दुसऱ्या दिवशी तो सही मागे घेतो म्हणाला. शैला म्हणाली, “आईच्या हातचं जेवतोस म्हणून घेणार असशील तर राहू दे. वर्गात बस आणि मग ठरव.”

काल तिने प्रिन्सिपॉलना लिहून दिलं: गणित चुकलं असेल तर दाखवा, माफी मागेन. वर्ग आहे तसाच चालेल. हे वारल्यावर वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावून लावून मी वाचायला शिकले. इतकं चांगलं वाक्य अजून वाचलं नव्हतं. ह्यांनी ते वाचायला हवं होतं.

नोकरी बहुधा जाईल. जगदीशला सही काढ असं लिहू नका, त्याचं त्याला ठरवू द्या. आणि माफीचं पुन्हा सुचवू नका. तुमचा शब्द मी आजवर मोडला नाही. हा मोडते.

प्रोफेसर शैलाबाईंची आई,
सुभद्रा