उपवासाचं पित्त

तोआ पायोह, सिंगापूर
४ डिसेंबर २०१६

प्रिय अनघा,

अनेक आशीर्वाद. बाबांचं तेरावं इथे फ्लॅटवरच नीट पार पडलं. गुरुजी वेळेवर आले, निहारिकाने, तुझ्या वहिनीने, स्वयंपाक घरीच केला. आई दोन घास खाते, लिफ्टपर्यंत चालते आणि परत येते.

मुद्द्याचं टाळतोय, हे तू ओळखलं असशीलच. माझी चोरी पकडण्यात तू लहानपणापासून पटाईत.

उपाशीपोटी बाबांना हेलिकॉप्टरमध्ये बसवलंसच कसं, असं तू आईला फोनवर विचारलंस. त्यानंतर तिच्याशी बोलली नाहीस. तिनेही मुकाट्याने ऐकून घेतलं.

तर ऐक. न्यूझीलंडमधली हिमनदीवरची ती सफर ढगांमुळे दोनदा रद्द झाली होती. सतरा तारखेला आभाळ मोकळं झालं आणि दुसऱ्याच दिवशी आमचं परतीचं विमान होतं. नेमकी संकष्टी. आई तयार होत असताना बाबा हळूच म्हणाले, छातीत जड वाटतंय. मी म्हटलं, उपवासाचं पित्त असेल. आपल्या घरात छातीत दुखलं की ते पित्तच असतं! आलेपाकाची वडी दिली आणि आईला सांगू नका म्हटलं, कारण तिने जाऊच दिलं नसतं. पायलटने विचारलं, कुणाला बरं नाही का? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळे ठणठणीत आहेत, असं मीच सांगून टाकलं. हौस माझी होती, अनघा. आईबाबांना हे सगळं दाखवणारा मुलगा म्हणून मिरवायचं होतं मला.

वरून फार सुंदर दिसत होतं, तेही लपवत नाही. निळसर भेगांचा बर्फ, बाजूला काळे कडे. मी फोटो काढत होतो.

"सौमित्र, खाली उतरायला सांग."

"दहाच मिनिटं राहिलीत, बाबा."

पायलटला मराठी कळत नव्हतं आणि मी त्याला काही सांगितलं नाही. उतरलो तेव्हा बाबांची मान माझ्या खांद्यावर होती. मला वाटलं, डोळा लागला.

हेलिकॉप्टरमध्ये कानाला लावायला हेडफोन देतात, त्यातून सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. आई पुढे पायलटशेजारी होती. तिने ते ऐकलं, आणि डॉक्टरांना, निहारिकाला, तुला, कुणालाच सांगितलं नाही. काल मी तिला विचारलं, का गप्प राहिलीस? म्हणाली, "नवरा गेला माझा. आता मुलगाही घालवू?"

माझ्या वाटची बोलणी ती खाते आहे. पत्र वाचून झालं की तिला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

खाली 'दादा' लिहायला हात धजत नाही.

सौमित्र